जस्त : शक्तिवर्धक की नियंत्रक?



जस्त हा धातू तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत जस्ताच्या तुकड्यांवर विरल सल्फ्युरिक आम्ल ओतून तुम्ही हायड्रोजन वायू तयार केला असेल. विजेरीतला साधा सेल संपल्यावर फोडून पाहिला असेल, तर त्याचे नळकांडे जस्ताचे असते हेही तुम्हाला ठाऊक असेल. छपरावरचा पत्रा गंजू नये म्हणून त्याला जस्ताचाच मुलामा दिलेला असतो. हाच धातू औषधांच्या दुकानातही गोळ्यांच्या रूपाने मांडलेला दिसतो. २०२० साली कोविडची साथ आली आणि ‘झिंक’च्या गोळ्या घरोघरी पोचल्या. साथ ओसरली, पण ‘जस्त घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाक्य लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच.

या वाक्याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. जस्त शरीराला हवेच. त्याच्यावाचून प्रतिकाराची यंत्रणा नीट चालत नाही. परंतु ते प्रतिकारशक्ती ‘वाढवते’ असे म्हणणे म्हणजे घड्याळाला तेल घातले की दिवस मोठा होतो असे म्हणण्यासारखे आहे. जस्ताचे काम वाढवण्याचे नाही, नियमन करण्याचे आहे. या दोन शब्दांमधला फरक कळला नाही, तर नको त्याच्या पोटात गोळी जाते आणि हवी त्याला ती मिळत नाही.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. गोळ्यांच्या आणि जनुकांच्या भानगडीत पदार्थविज्ञानाच्या मास्तराने कशाला पडावे, असे तुम्ही विचाराल. या गोष्टीची सुरुवातच अणूच्या रचनेपासून होते, हे त्याचे उत्तर.

शांत स्वभावाचा धातू

जस्ताच्या अणूत ३० इलेक्ट्रॉन असतात. सर्वांत बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेले की उरतो तो दोन धनभार असलेला जस्ताचा आयन. त्याच्या कक्षांमध्ये २, ८ आणि १८ असे इलेक्ट्रॉन राहतात. म्हणजे तिन्ही कक्षा काठोकाठ भरलेल्या! म्हणून हा आयन आणखी इलेक्ट्रॉन सहजासहजी देत नाही आणि घेतही नाही. लोह आणि तांबे यांचा स्वभाव निराळा. लोहाचा आयन कधी दोन भारांचा तर कधी तीन भारांचा असतो. तांब्याचा कधी एक तर कधी दोन भारांचा. इलेक्ट्रॉनांची ही देवघेव श्वसनासारख्या कामात फार उपयोगी पडते. पण तीच डीएनएच्या शेजारी सुरू झाली, तर ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण तयार होऊन डीएनएचा नाश होण्याची भीती असते. जस्ताकडून असा धोका नाही. जनुकांच्या अगदी जवळ बसवावा असा विश्वासू धातू निसर्गाने निवडला, तो या शांत स्वभावामुळे.

या शांतपणाची एक गैरसोयही आहे. मोरचूद निळे दिसते आणि हिराकस हिरवट, कारण तांबे व लोह यांच्या आयनांमधील अपुऱ्या भरलेल्या कक्षा प्रकाश शोषून घेतात. जस्ताचे सल्फेट मात्र पांढरेशुभ्र, आणि त्याचे द्रावण पाण्यासारखे रंगहीन. जस्ताच्या आयनाला चुंबकत्वही नाही. त्यामुळे सजीवांच्या शरीरातले जस्त शास्त्रज्ञांच्या उपकरणांना बराच काळ जणू दिसतच नव्हते. प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून दोन ते तीन ग्रॅम जस्त असते. एक लिटर रक्तद्रवात तर जेमतेम एक मिलिग्रॅम! १९५५ साली ॲलन वॉल्श या पदार्थवैज्ञानिकाने ऑस्ट्रेलियात एक युक्ती मांडली. नमुन्याची वाफ करायची, तिच्यातून ठराविक तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा आणि त्यातला किती शोषला गेला ते मोजायचे. जस्तासाठी ही तरंगलांबी सुमारे २१३.९ नॅनोमीटर आहे. रक्तातल्या जस्ताचे मोजमाप सोपे झाले ते या पद्धतीमुळे.

शिराझचा तरुण

जस्त सजीवांना लागते हे तसे जुने ज्ञान. ज्यूल्स रोलँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६९ सालीच दाखवले होते, की जस्त नसेल तर काळी बुरशी नीट वाढत नाही. १९३४ मध्ये उंदरांच्या बाबतीत तेच सिद्ध झाले. पण माणसाला जस्ताची उणीव भासू शकेल असे कोणाला वाटत नव्हते. जस्त तर जवळजवळ सगळ्याच अन्नात असते, मग ते कमी कसे पडेल?

हा समज मोडला एका भारतीय डॉक्टरने. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधील शिराझ शहरात काम करीत होते. तेथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. त्याला तीव्र रक्तक्षय होता, माती खाण्याची सवय होती, आणि त्याचा आहार म्हणजे मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी. लोहाच्या अभावाने रक्तक्षय होतो हे ठीक. पण वाढ का खुंटावी? असे आणखीही रुग्ण भेटले. १९६१ साली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या अभावाची शंका लेखातून मांडली. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांच्या शरीरातील जस्त मोजून १९६३ साली त्यांनी ती खरी ठरवली. जस्त दिल्यावर मुले उंच होऊ लागली!

मग अन्नातले जस्त जात होते कोठे? धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो जस्ताला घट्ट धरून ठेवतो आणि आतड्यातून तसाच बाहेर नेतो. ताटात असणे आणि शरीराला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळले. पीठ आंबवल्याने किंवा कडधान्याला मोड आणल्याने फायटेट बरेच कमी होते. आपली मोड आलेली मटकी, आंबोळी आणि नाचणीचे सत्त्व यांच्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

प्रसादांच्या कानी आणखी एक गोष्ट आली होती. अशा रुग्णांपैकी बरेच जण पंचविशीच्या आत कुठल्या ना कुठल्या जंतुसंसर्गाने दगावत. जस्त आणि रोगप्रतिकार यांचा काही संबंध असला पाहिजे, हा धागा तेथे हाती लागला.

जनुकांवर ठेवलेली बोटे

आता जनुकांकडे वळू. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीत जनुकांचा संच जवळपास एकच असतो. तरी दोघींची कामे किती वेगळी! कारण प्रत्येक पेशीत काही जनुके चालू असतात आणि काही बंद. मोठ्या इमारतीत सगळीकडे वीज खेळवलेली असली, तरी ज्या खोलीतले बटण दाबावे तेथेच दिवा लागतो, तसेच हे. जनुकांची ही बटणे दाबण्याचे काम काही खास प्रथिने करतात. त्यांना आपण नियामक प्रथिने म्हणू.

१९८५ साली केंब्रिजमध्ये ॲरन क्लुग आणि त्यांचे सहकारी आफ्रिकेतील एका बेडकाच्या अंडपेशींतील अशाच एका नियामक प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्या प्रथिनात सुमारे ३० ॲमिनो आम्लांचा एक नमुना ओळीने नऊ वेळा आलेला त्यांना आढळला. प्रत्येक नमुन्यात ठराविक जागी सिस्टीन हे ॲमिनो आम्ल दोनदा आणि हिस्टिडीन दोनदा येत होते. हे चौघे मिळून मध्ये जस्ताचा एक आयन पकडतात आणि त्याच्याभोवती प्रथिनाची साखळी दुमडून बोटासारखा आकार तयार होतो, असे त्यांनी सुचवले. पुढच्या प्रयोगांनी ते खरे ठरले. ही ‘जस्त-बोटे’ डीएनएच्या पिळाच्या खाचेत नेमकी बसतात आणि योग्य जनुक शोधतात. जस्त काढून घेतले, तर मधला खांब काढलेल्या तंबूसारखी बोटाची गत होते. माणसाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांपैकी ७०० हून अधिक जनुके अशी बोटे असलेली प्रथिने तयार करतात. यावरून या रचनेचे महत्त्व ध्यानात येईल.

हे क्लुग मूळचे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी होते. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे त्याच विषयात एम. एस्सी. केले होते. ‘मला जीवशास्त्र नको, माझा गणिताचा गट आहे’ असे अकरावीतच जाहीर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पांढऱ्या पेशीचा कारभार

येथे घाईने एक निष्कर्ष काढू नका. चार दिवस जेवणात जस्त कमी आले म्हणून सातशे प्रकारच्या प्रथिनांची बोटे गळून पडत नाहीत. बहुतेक बोटांनी जस्त घट्ट धरलेले असते. पेशीत मोकळे फिरणारे जस्त अत्यंत थोडे असते, आणि त्या थोड्याशा जस्तातला चढउतार हाच पेशीला मिळणारा इशारा असतो. म्हणून त्याच्यावर कडक पहारा असतो. मानवी पेशींत जस्त आत घेणाऱ्या दरवाजांचे १४ प्रकार आहेत. ते बाहेर किंवा पेशीतल्या कप्प्यांत नेणाऱ्या दरवाजांचे १० प्रकार आहेत. शिवाय मेटॅलोथायोनीन नावाचे कोठार-प्रथिन असते. १९५७ साली ते घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम सापडले. त्याचा एक रेणू जस्ताचे सात आयन सांभाळतो.

या कोठाराची किल्ली असते एमटीएफ-१ या नियामक प्रथिनाकडे. त्याला सहा जस्त-बोटे असतात. पेशीत मोकळे जस्त वाढले की एमटीएफ-१ डीएनएवरच्या ठराविक जागी जाऊन बसते आणि मेटॅलोथायोनीनचे जनुक चालू होते. कोठारे वाढतात, जादा जस्त साठवले जाते. त्याच वेळी जस्त बाहेर टाकणाऱ्या एका दरवाजाचे जनुकही चालू होते.

अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात रॉबर्ट कझिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मानवी पांढऱ्या पेशींच्या एका वाणावर प्रयोग केला. काही पेशींचे जस्त काढून घेतले, काहींना जादा दिले, आणि हजारो जनुके एकदम तपासली. काही जनुकांचे काम वाढले, काहींचे घटले. बहुसंख्य जागच्या जागी राहिली. जस्त सरसकट सगळे दिवे प्रखर करीत नाही, ते निवडक बटणांना हात लावते, असा याचा अर्थ. २००६ साली याच गटाने तरुण पुरुषांना रोज १५ मिलिग्रॅम जस्त देऊन पाहिले. त्यांच्या पांढऱ्या पेशींत मेटॅलोथायोनीनचे जनुक अधिक काम करू लागले.

आता धोक्याची घंटा वाजते तेव्हा काय होते ते पाहा. जंतूंची चाहूल लागताच पांढऱ्या पेशीतील एनएफ-कप्पा-बी हे नियामक प्रथिन आपल्या बंधनातून सुटून पेशीकेंद्रात शिरते. दाह निर्माण करणाऱ्या संदेश-प्रथिनांची जनुके ते चालू करते. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक गमतीची गोष्ट दिसली. हेच प्रथिन झिप-८ नावाच्या जस्ताच्या दरवाजाचे जनुकही चालू करते. त्या दरवाजातून जस्त आत येते, आणि एनएफ-कप्पा-बीला बंधनातून सोडवणाऱ्या विकरालाच ते अडवते! म्हणजे घंटा वाजवणारा माणूसच घंटा थांबवणाऱ्यालाही बोलावून घेतो.

घरातली विजेची इस्त्री आठवा. ती पुरेशी तापली की आतली द्विधातूची पट्टी वाकते आणि विद्युतप्रवाह तुटतो. उष्णताच उष्णतेला आवर घालते. जस्ताचे हे काम अगदी त्या पट्टीचे आहे. पट्टी बिघडलेल्या इस्त्रीला कोणी ‘शक्तिमान इस्त्री’ म्हणत नाही. ती कपडे जाळते.

जस्त कमी पडले तर काय होते तेही पाहा. वाढीच्या वयातल्या प्राण्यांत छातीतली यौवनलोपी ग्रंथी आक्रसते. टी-पेशी याच ग्रंथीत तयार होतात. प्रसादांनी पुढे अमेरिकेत स्वयंसेवकांना काही महिने जस्त कमी असलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या टी-पेशींकडून तयार होणारे इंटरल्यूकिन-२ हे संदेश-प्रथिन घटले. हे प्रथिन म्हणजे टी-पेशींना मिळणारा ‘संख्या वाढवा’ हा हुकूम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ५५ ते ८७ वर्षे वयाच्या ५० व्यक्ती होत्या. ज्यांना वर्षभर जस्त दिले, त्यांना जंतुसंसर्ग कमी झाले. शिवाय त्यांच्या पेशींतून दाह वाढवणारे एक संदेश-प्रथिनही कमी बाहेर पडू लागले. एकीकडे हुकूम पोचत नाहीत आणि दुसरीकडे घंटा थांबत नाही, अशी ही उणिवेची स्थिती असते. ही नुसती दुर्बलता नव्हे. ही बेशिस्त आहे.

‘अधिक’ म्हणजे ‘चांगले’ नव्हे

जस्त इतके उपयोगी, तर जास्तच खाल्लेले बरे, असे म्हणणाऱ्याला आपण एमटीएफ-१ ची आठवण करून देऊ. दिवसेंदिवस फार जस्त खाल्ले, तर आतड्याच्या पेशींत हे प्रथिन मेटॅलोथायोनीनची कोठारे भराभर बांधू लागते. पण हे कोठार जस्तापेक्षाही तांब्याला घट्ट धरते. अन्नातले तांबे त्यात अडकते आणि त्या पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर शरीराबाहेर जाते. तांब्याची उणीव झाली की रक्तक्षय होतो, आणि पांढऱ्या पेशींची संख्याही घटते! प्रतिकारशक्ती वाढवायला निघालेला माणूस अशा रीतीने आपलेच सैन्य कमी करून बसतो. विल्सनच्या रोगात शरीरात तांबे साठते. तेथे डॉक्टर हीच युक्ती औषध म्हणून वापरतात. म्हणजे एकाच जनुकाचे एकच बटण, पण एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक.

कोविडच्या काळात अमेरिकेतील २१४ रुग्णांवर रोज ५० मिलिग्रॅम जस्ताची आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेची चाचणी घेतली गेली. नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फायदा दिसेना, म्हणून ती मध्येच थांबवली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याउलट दुसरे चित्र पाहा. १९९५ साली दिल्लीतील ९३७ लहान मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुलाब झालेल्या मुलांना जस्त दिल्यावर जुलाब लवकर आटोक्यात आले. जुलाबातून शरीरातले जस्त वाहून जाते. आधीच कमी असेल तर प्रतिकाराची घडी आणखी विस्कटते आणि पुढचे दुखणे दारात उभे राहते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी क्षार-साखरेच्या पाण्याबरोबर १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस केली. सहा महिन्यांवरील मुलांसाठी मात्रा होती रोज २० मिलिग्रॅम. पुढे भारत आणि टांझानियातील ४,५०० मुलांवर पुन्हा चाचणी झाली. २०२० साली तिचे निष्कर्ष आले: ५ किंवा १० मिलिग्रॅमनेही तेवढाच गुण येतो आणि उलट्या कमी होतात. जेथे जस्ताची खरी गरज होती, तेथेसुद्धा मात्रा कमी केलेली चालली!

माझा आग्रह एवढाच आहे. जस्ताची गोळी ही उणीव भरून काढण्याची वस्तू आहे. ती सधन घरातल्या ताटाशेजारी ठेवायची शोभेची वस्तू नाही. आपल्याकडे ती सुखवस्तू माणसाला जाहिरात पाहून मिळते, आणि जुलाबाने कोमेजलेल्या मुलाच्या आईला पुष्कळदा तिचे नावही माहीत नसते. तुमच्या वाडीत, वस्तीत एखाद्या बाळाला जुलाब होत असतील, तर आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात क्षार-साखरेच्या पुडीबरोबर जस्ताच्या गोळ्याही मागायला सांगा. एवढे केलेत तरी या लेखाचे सार्थक झाले.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. पोषणाचा धडा शिकवताना ‘अमुक पदार्थाने प्रतिकारशक्ती वाढते’ असे वाक्य फळ्यावर लिहून पुढे जाऊ नये. मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवावे: कोणाला? किती? उणीव होती का? आणि मोजले कसे? प्रतिकारशक्ती ही हौदातल्या पाण्यासारखी एकाच पट्टीने मोजायची वस्तू नाही. ती शेकडो बटणांची यंत्रणा आहे, आणि त्यातली काही बटणे चालू असणे जेवढे गरजेचे, तेवढेच काही वेळेवर बंद होणेही. हे एकदा पटले, की जाहिरातीतला ‘वाढवा’ हा शब्द मुले आपणहून तपासून घेतील.